धावपट्टी बांधणारे

२००४ साली अमेरिकेत, प्लेनो शहरात, आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहायचे. महायुद्धात त्यांनी जर्मनीतल्या एका लष्करी विमानतळावर बॉम्ब टाकले होते. त्या विमानतळाच्या इतिहासाची वेबसाइट त्यांना हवी होती. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

दर शनिवारी ते कागदांचं खोकं घेऊन यायचे आणि मी टाइप करायचो. एका कागदावर लिहिलं होतं, की त्या विमानतळाची धावपट्टी पकडून आणलेल्या पोलिश मजुरांनी बांधली, त्यांना तिथेच बराकीत ठेवलं होतं आणि बॉम्बहल्ल्यात त्यांतले बरेच मेले. मी तेही टाइप केलं. वाचून ते लालबुंद झाले. "हे काढ," एवढंच म्हणाले.

का, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. ऑफिसात आम्हा देशी लोकांची ख्यातीच ती होती: क्लायंट म्हणेल त्याला 'नो प्रॉब्लेम' म्हणायचं. व्हिसावर राहून हा लाचारपणा हाडीमाशी भिनतो. मी मजूर डिलीट केले आणि वर विचारलं, "अजून काही चेंजेस?"

वर्षभराने ते वारले. खोकं माझ्याकडेच राहिलं. मग वेबसाइटच्या गेस्टबुकात पोलंडच्या एका बाईंचा मेसेज आला. त्यांच्या वडिलांना ती धावपट्टी बांधायला नेलं होतं, ते परतलेच नाहीत. तिथल्या मजुरांचं काय झालं, काही कळेल का?

"हे काढ" म्हणणारं आता कोणी नव्हतं. कागद हाताशी होता.

मी उत्तर पाठवलं: 'क्षमस्व, अशी कोणतीही नोंद आमच्याकडे नाही.'