डॅरेलच्या खेळात माझी जागा

सोमवारी सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना डॅरेलच्या बहिणीचा, डेनिसचा फोन आला. घरासमोर गाडीत बसल्या बसल्याच त्याचं हृदय बंद पडलं होतं. वय चव्वेचाळीस. मला धक्का बसला, पण आश्चर्य वाटलं नाही...

नागपूरहून मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो, तेव्हा ऑफिसच्या टीममध्ये माझ्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस. दर शनिवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहाजण फासे टाकत राजे, जादूगार, राक्षसांचे खेळ खेळायचो. त्यांत कृष्णवर्णीय तो एकटाच. लहानपणी गल्लीतली पोरं 'याला गोऱ्यांचे नाद' म्हणून त्याला चिडवायची. आणि इथे कुणी नवा आला, की त्यालाच विचारायचा, तू कुणाबरोबर आलास? शेवटी त्याने स्वतःच एक खेळ रचला. त्यातले राजे-राण्या काळे होते. तो ऑनलाइन टाकला आणि धमक्यांचे निनावी मेसेज सुरू झाले. पुढे पुढे त्यांत त्याच्या घराचा पत्ता असायचा. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, एवढंच. गाडीत बसण्याआधी तो मागची सीट तपासू लागला. एकदा म्हणाला, "मला कुणी मारायची गरजच नाही. वाट बघण्यातच मी संपेन."

गेल्या वर्षी आम्ही खेळवेड्यांच्या एका मेळाव्याला गेलो. अर्धा हॉल फोमच्या तलवारी घेऊन हिंडत होता. गार्डने अडवलं ते डॅरेललाच. भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मला विचारलं, हा तुमच्याबरोबर आहे का? माझा व्हिसा रिन्यूअलला होता. मी नुसताच उभा राहिलो...

परतताना तो ड्राइव्ह करत होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "नुसतं 'हो' म्हणायचं होतंस, यार." 'यार' त्याने माझ्याकडूनच उचललेलं. सॉरी नंतर म्हणू, असं मला वाटलं.

परवा डेनिसने एक खोका आणून दिला. नव्या खेळासाठी डॅरेलने आम्हा प्रत्येकाचा बोटाएवढा पुतळा रंगवायला घेतला होता. माझाही होता. चष्मा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, सगळं हुबेहूब. तोंडाची जागा तेवढी कोरी. डेनिस म्हणाली, तोंड तो सगळ्यांत शेवटी करायचा, राहून गेलं असेल. तसंच असेल...

पुतळा माझ्या टेबलावर आहे. मी बारीक ब्रश आणलाय. अजून हात होत नाही.