सोळा खिळे, बत्तीस धागे

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गणिताच्या मॅडम चहाबरोबर पाहुण्याच्या हातात कात्रीही देतात. गटसिद्धांत या गणिताच्या शाखेतून काढलेली जाळी त्या फळीवर खिळे ठोकून विणतात. परवा सोळा खिळे होते, प्रत्येकाला चार धागे; एक धागा दोन खिळ्यांना जोडतो, म्हणून एकूण बत्तीस.

"कुठल्याही खिळ्यावरून बघा, जाळी सारखीच दिसते. चारपेक्षा कमी धागे कापून जाळीचा तुकडा वेगळा पाडलात, तर माझा प्रबंध रद्दीत."

मी तिसरा धागा कापला आणि एक खिळा जाळीतून सुटला. मी कापलेले धरून सगळे धागे दोनदा मोजले. एकतीसच भरले.

"मॅडम, बांधतानाच एक राहिलाय."

त्यांनी स्वतः मोजले, हसत कापलेले तीन आणि राहिलेला एक असे चारही धागे बांधले आणि कात्री पुन्हा माझ्याच हातात दिली.

"आता तोडा बघू."