देव मागेल ते

उपवासकाळ लागला की आमच्या पिपरीच्या ख्रिस्ती मंडळीत एकेकानं उभं राहून सांगायचं, चाळीस दिवस काय सोडणार. कोणी चहा सोडी, कोणी गूळ. सासूबाईंनी तंबाखू सोडली. मला मेलीला मोठेपणाची भारी हौस! उभी राहून म्हणाले, "देव मागेल ते." पाळकसाहेबांनी मान डोलावली, आणि मी फुगून घरी आले.

आठच दिवसांत शेजारणीच्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. तिला देवी निघाल्या होत्या. बाई विधवा, एकटी. डहाळ्या लावणारा गेला तो गेलाच, नंतर कोणी फिरकलं नाही. भिंतीपलीकडून आवाज येई, "बाई वो, घोटभर पाणी द्या वो!" माझ्या मांडीवर आठ महिन्यांची पोर. मी कडी लावली आणि तिचे कान झाकले, जसा काही रोग आवाजातूनच येणार होता.

तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. सासूबाई उठल्या, "मी जातो." त्यांना कधी देवीचं टोचलेलं नव्हतं. मला लहानपणी टोचलं होतं. पण टोचलेली माणसंही गेलेली मी पाहिली होती.

"तुमी नाई, आत्याबाई. देवाले शब्द मी देला."

"शब्द तुहा, अन् जीव लेकराचा? तिकडं तिचे फोड पुसून इकडं पोरीले पाजशीन काय?"

त्याग म्हणजे आपलं आपण देणं, एवढंच मला ठाऊक. आपल्या देण्यात दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो, हे कुठं ध्यानात आलं होतं? अखेर सासूबाई पोरीला घेऊन तळेगावला, आपल्या माहेरी निघाल्या. मोटार हलली तेव्हा पोर खिडकीतून हात पसरून रडत होती आणि माझी चोळी दुधानं भिजली होती.

तीन आठवडे मी शेजारणीला पेज भरवली, तिचं अंग पुसलं. प्रेमानं? कुठलं प्रेम! रोज उठून आधी आरशात जीभ बघायची, हातावर पुरळ शोधायची. देवावर चिडायची. प्रार्थना एकच, मला नको, मला नको. तिला वाटे मी देवमाणूस. माझी ती प्रार्थना तिला कुठं ऐकू येणार!

बाई वाचली. मीही वाचले. नेसूचं लुगडं जाळून, न्हाऊनमाखून मी तळेगाव गाठलं. दूध केव्हाच आटलं होतं. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन दारात आल्या. मी हात पसरले. पोरीनं मला नीट न्याहाळलं, आणि किंचाळून त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"थांब जराशी, ओळखीन ते तुले," सासूबाई म्हणाल्या.

पण हात पुन्हा पुढे करायची माझी छाती झाली नाही.