लागली म्हंजे लागली

दवाखान्यात त्यांना पाठीवर झोपवलेलं पाहिलं आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचे पैलवान जन्मभर कुशीवर झोपले. "पैलवानानं पाठ टेकू नाय," म्हणायचे, आणि नातवंडं हसायची. मी हसत नसे. कारण एकदा ती टेकली होती म्हणे... म्हणे!

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. आमच्या वस्तीत भाकरीची मारामार, पण तालमीत जाणारी पोरं घरोघर. त्यांत हे सगळ्यांत तयारीचे. हर्सूलच्या जत्रेतली कुस्ती मारली की कोल्हापूरच्या तालमीत खुराकासकट सोय होणार होती. मात्र चार वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. इकडे माझे वडील पाचोडचं स्थळ पक्कं करायला निघालेले. आमच्या दोघांचं काय चाललंय, हे विहिरीवरच्या रहाटाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

कुस्ती वादात पडली. पाठ मातीला लागली की नाही, पंचांनाच नीट दिसलं नाही. माझा भाऊ तिथं होता. तो सांगायचा, वस्तादांनी शेवटी ह्यांनाच विचारलं, "सच बोल रे, पीठ लगी क्या?" हे म्हणाले, "लागली." झालं, कोल्हापूर बुडालं! पुढं हे गिरणीत कामाला लागले आणि मला मागणी घातली. वडील म्हणाले, "हरलेला हाय, पण पगार बांधलेला हाय."

पण त्या संध्याकाळी सदरा हातात घेऊन ते आमच्या दारावरून गेले, तेव्हा मी पाहिलं होतं. छाती, खांदे मातीनं लाल. पाठ मात्र घामानं चकाकत होती, स्वच्छ.

तेव्हापासून मी संशय धरून बसले. माझ्यापायी एवढं सोडलं असेल, यावर विश्वास बसेना. आणि खरंच हरले असतील, तर मी काय, हुकलेल्या कोल्हापूरची भरपाई? फार जीव होता माझा त्यांच्यावर, म्हणून तर कळायला हवं होतं. भांडताना विचारी, लाडात विचारी. "लागली म्हंजे लागली. लई वकिली करू नको," एवढंच उत्तर.

शेवटच्या दुपारी त्यांना कुशीवर वळताही येईना. माझ्याकडं बघून म्हणाले, "आता लागली." मला वाटलं, तहान. मी घाईनं चमचाभर पाणी ओठाला लावलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि गालात हसले...

महिना झाला. त्यांची बाज भिंतीशी तशीच आहे, एकाच कडेला खचलेली. त्या कडेवर बसून मी स्वतःला सांगते, तहानच लागली असेल. पण मग पाणी का नाही प्यायले?