मी तहकूब केलेलं कोर्ट

कामगार न्यायालयाचं चालू कामकाज मी एकदा तहकूब केलं. तसा अधिकार मला नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात मी युनियनचा अध्यक्ष होतो आणि माझ्या उजव्या हाताला तेव्हा फार वजन होतं. गेटसभेत कोणी अडचणीचं विचारू लागला की मी हात वर करायचा, 'सभा तहकूब' म्हणायचं आणि सगळ्यांनी उठून चहाला जायचं. एवढ्या भांडवलावर मी बरीच वर्षं काढली.

त्या साली सव्वीस जानेवारीला कामगारांच्या कॉलनीत मी पाऊण तास बोललो. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे. प्रत्यक्ष राष्ट्रपतींनासुद्धा न्यायाधीशाला 'थांबा' म्हणता येत नाही, हे तर माइकवरून दोनदा सांगितलं. लोक जिलेबीच्या परातीकडे बघत होते.

पुढे थोड्याच दिवसांत आमच्या एका टर्नरची केस सुनावणीला आली. सुपरवायझरची कॉलर धरली म्हणून कंपनीनं त्याला काढून टाकलं होतं. खरं तर सुपरवायझरनंच त्याला ढकललं होतं, पण ते पाहिलं होतं शेजारच्या लेथवरच्या एकट्या गड्यानं. टर्नरची नोकरी आता या साक्षीदाराच्या तोंडावर. टर्नरची बायको, मूळची चाकणकडची, पुढच्या बाकावर बसली होती. मागे आमची गेटवरची मंडळी.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठं बघत होता?"

साक्षीदारानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

"लेथकडं," तो म्हणाला.

"मग भांडण कसं दिसलं?"

त्यानं पुन्हा माझ्याकडे बघितलं. हाताला सवय होती, तो आपोआप वर गेला.

"कामकाज तहकूब," मी म्हणालो.

आमची मंडळी उठली आणि दाराकडे निघाली. साक्षीदारही पिंजऱ्यातून उतरून शिस्तीत त्यांच्या मागे गेला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आपण कोण?"

"अध्यक्ष."

"कोर्टाचे?"

आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी माफी मागितली.

"ते अध्यक्षपद गेटवर ठेवून यायचं," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदाराला परत आणा. यांना बाहेर बसवा."

पट्टेवाल्यानं साक्षीदाराला चहाच्या टपरीवरून वळवून आणलं आणि मला व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. मी दाराशी कान लावला. आत माझं तोंड दिसेनासं झाल्यावर साक्षीदार नीट बोलू लागला. नजर लेथवरच होती, ओरडणं ऐकून मान वळवली, ढकलताना पाहिलं, कॉलरला कोणाचा हात लागला नाही. वकिलानं उलटसुलट विचारलं, पण गडी हलला नाही.

निकाल टर्नरच्या बाजूनं लागला. तो कामावर परत गेला त्या दिवशी त्याची बायको पेढे घेऊन युनियनच्या खोलीवर आली. पेढा तोंडात टाकून मी जरा ताठ होत म्हणालो, "बघा वहिनी, शेवटी युनियननं करून दाखवलं."

"व्हय," ती म्हणाली. "पर झेंड्याच्या दिवशी ते राष्ट्रपतीचं भाषण तुमीच केलं व्हतं न्हवं? मग तवा तुमी सोता ऐकत न्हवता का?"