सिस्टर मार्सेलिनाचा ओटा

१९८५ साली मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. राहायलाही मरोळ गावठाणातच होतो, भाड्याच्या खोलीत. समोर एक कौलारू घर होतं. त्याला लांबलचक ओटा होता आणि दर रविवारी दहाच्या सुमारास त्या ओट्यावर सात-आठ माणसं जमायची. सगळे फौजेतून निवृत्त झालेले. कुणी वसाहतीत वॉचमन होता, कुणी लेथवर, एक जण टपाल खात्यात.

घर मेजर मार्सेलिना परेरा यांचं होतं. मूळच्या त्या इथल्याच. लष्करी इस्पितळांत बावीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या आपल्या गावठाणात परत आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. अंगानं किरकोळ, केस बारीक कापलेले, चालणं असं की मागच्या माणसाला धाप लागावी. मेजर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मेजर कागदावर. जवान मला सिस्टरच म्हणायचे," असं त्या सांगायच्या. म्हणून सगळ्या ओट्याच्या त्या सिस्टर. मीही हळूहळू सिस्टरच म्हणायला लागलो.

रविवारी चर्चमधून आल्या की त्या मोठ्या पातेल्यात चहा ठेवायच्या. मी फौजी नव्हतो, पण समोरच राहायचो म्हणून मलाही एक कप मिळायचा. त्या चहावर काय काय ऐकलं मी. खंडू शेलार तोफखान्यातला. एकाच कानानं ऐकायचा, तरी बोलायचा सगळ्यांपेक्षा जास्त. हवालदार जयवंत तावडे मराठा पलटणीतला, चिपळूणकडचा, ताठ. तो आमच्या शेजारच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होता. ओट्यावर त्याचा शब्द चालायचा.

त्या काळात वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांना गेटवर माजी सैनिकच हवे असायचे. त्यामुळे फौजेत होतो म्हणून सांगणारे पुष्कळ यायचे, आणि मालक मंडळी त्यांना सरळ जयवंतकडे पाठवायची. जयवंत त्यांना रविवारी ओट्यावर बोलवायचा आणि प्रश्न टाकायचा. नंबर काय? सेंटर कुठलं? बट नंबर किती? बट नंबर म्हणजे रायफलच्या दस्त्यावरचा आकडा. रोज हत्यार घेताना आणि जमा करताना तो आकडाच सांगायचा असतो, त्यामुळे जवान स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विसरेल पण तो विसरत नाही. तोतये तिथेच अडकायचे.

सिस्टरांची पद्धत वेगळी. त्या लढाईबद्दल काही विचारायच्याच नाहीत. मोजे किती दिवसांनी धुवायचास, पाण्याच्या बाटलीला वास यायचा का, तापाला कुठली गोळी मिळायची, असलं विचारायच्या. एकदा अंधेरीहून एक गृहस्थ छातीच्या उजव्या बाजूला तीन पदकं लावून आले. बरोबर बायको आणि मेहुणा. पदकं डाव्या बाजूला लावतात हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक. खंडू तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "आधी चहा होऊ दे." मग त्या गृहस्थांना घरात नेऊन दोन मिनिटं बोलल्या. बाहेर आले तेव्हा पदकं खिशात होती. गृहस्थ निमूट चहा पिऊन गेले आणि पुन्हा दिसले नाहीत.

"सोडलंत कशाला त्याला?" जयवंतनं विचारलं.

"बायको होती बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "तिनं काय केलंय?"

हा त्यांचा कायदाच होता. कुणाला त्याच्या घरच्यांसमोर उघडं पाडायचं नाही. जयवंतला तो पटत नव्हता, पण ओटा सिस्टरांचा होता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर धोंडू घाडी आला. मालवणकडचा, पंचेचाळिशीचा, काळासावळा, खांद्यांनी रुंद. राहायला गोवंडीला. जयवंतच्या कारखान्यात गेटवर जागा निघाली होती, तिच्यासाठी कुणीतरी त्याला पाठवलं होतं. ओट्याच्या कडेला अंग चोरून बसला. मराठा पलटणीत लान्सनायक होतो म्हणाला. बासष्ट साली चीनच्या लढाईत होतो. कागद घरात पाणी शिरलं त्यात गेले.

आपल्याच पलटणीचं नाव ऐकल्यावर जयवंत पुढे सरकला.

"बट नंबर सांग."

धोंडूनं नुसती मान हलवली.

"बरं, थ्री-नॉट-थ्री रायफलच्या मॅगझिनमध्ये राउंड किती बसतात?"

"पाच," धोंडू म्हणाला. मग म्हणाला, "सहा."

खंडू मोठ्यानं हसला. राउंड दहा बसतात हे ऐकून ऐकून मलासुद्धा ठाऊक झालं होतं.

"ऊठ," जयवंत म्हणाला. "तिकडे लोक मेले रे. त्यांच्या नावावर नोकरी मागायला लाज नाय वाटत तुला?"

धोंडू उठला. तेव्हा सिस्टरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या इतका वेळ त्याच्या पायांकडे बघत होत्या. नोव्हेंबरातलं ऊन होतं, ओट्याखाली सगळ्यांच्या चपला पडलेल्या होत्या, पण धोंडूच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, घट्ट नाडी बांधलेले.

"घाडी, जाता जाता एक सांग," त्या म्हणाल्या. "शंभर माणसांच्या डाळीला मीठ किती?"

"पाच मुठी," धोंडू म्हणाला. विचार करायलाही थांबला नाही. "पाचवी जरा कमी."

"आणि तिकडे वर डाळ शिजायला किती वेळ लागायचा?"

"शिजायचीच नाय, सिस्टर. सकाळपासून दुपारपर्यंत उकळली तरी दाणा टचटचीत. जवान शिव्या घालायचे आमका." एवढं बोलून तो दचकला, जणू दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या तोंडून बोललं होतं. मग मान खाली घालून निघून गेला.

जयवंत म्हणाला, "आचारी असेल कुठल्यातरी हॉटेलात."

"हॉटेलातली डाळ शिजते," सिस्टर म्हणाल्या. "डोंगरावर उंच गेलं की शिजत नाही. आणि चालताना पाहिलंस त्याला? टाच टेकतो आणि पाय उचलून पुढे ठेवतो. बोटांवर जोर देत नाही. त्या हिवाळ्यात मी आसामात होते. बर्फानं बोटं कुजलेले रोज चाळीस-चाळीस पाय बांधत होते. ते बरे झाल्यावर कसे चालतात ते मी इतक्यात विसरले नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. गोवंडीला जायचं होतं आणि पत्ता शोधायला सोबत हवी होती. बस बदलून गेलो. खूप विचारत विचारत धोंडूची खोली सापडली. तो दारातच बसला होता. सिस्टरांना बघून उभा राहिला, पण आत या म्हणेना. शेवटी त्याची बायको सुंदराबाई बाहेर आली आणि तिनं आम्हाला आत घेतलं.

सिस्टरांनी इकडची तिकडची चौकशी केली. सुंदराबाईनं कौतुकानं सांगितलं, मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं, सासर इथेच, पुढच्या गल्लीत. "ह्यांचं फौजेतलं ऐकून लगेच होकार दिला त्यांनी." धोंडूनं डोळे मिटून घेतले. सिस्टरांनी ते पाहिलं आणि विषय बदलला. निघताना मात्र त्या धोंडूला म्हणाल्या, "बस स्टॉपपर्यंत चल आमच्याबरोबर."

स्टॉपवर फारशी गर्दी नव्हती. तिथल्या कट्ट्यावर त्या बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "बूट काढ."

"सिस्टर, हंय नको."

"मी नर्स आहे. काढ."

त्यानं डावा बूट काढला. पुढच्या भागात चिंध्या कोंबलेल्या होत्या. पायाला एकही बोट नव्हतं. उजव्याची दोन शिल्लक होती. सिस्टरांनी पाऊल मांडीवर घेतलं, अंगठ्यानं दाबून जुने व्रण तपासले. "काम चांगलं केलंय कुणीतरी," म्हणाल्या. "आता खरं सांग. कागद कुठे आहे?"

कागद पाण्यात गेलेलाच नव्हता. तो पत्र्याच्या पेटीत, तळाला होता. धोंडू पाऊण तास तरी बोलला. दोन बसेस गेल्या, त्यावरून मी हिशेब धरला. तो फौजेत रीतसर भरती झालेला होता, पण जवान म्हणून नाही, मसालची म्हणून. मसालची म्हणजे लंगरातला, फौजेच्या स्वयंपाकघरातला, मसाला वाटणारा, भांडी घासणारा. डिस्चार्जच्या कागदावर हुद्द्याच्या जागी तेच लिहिलेलं होतं. गावी परतल्यावर लोक विचारायचे, किती चिनी मारलेस? आधी तो गप्प बसायचा. मग मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना व्याह्यांनी विचारलं, हुद्दा काय होता? त्याच्या तोंडून लान्सनायक निघून गेलं. तेव्हापासून कागद पेटीच्या तळाला.

"बोटं कशी गेली?" सिस्टरांनी विचारलं.

त्यानं सांगितलं, पण तुटक तुटक. सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "रविवारी ये. कागद घेऊन ये. आणि हे सगळं तिथे सांग."

"त्यांच्यासमोर? ते हसतील, सिस्टर."

"हसले तर हसले. लान्सनायक नव्हतास, त्याबद्दल जयवंतची माफी माग, ती मागायलाच हवी. त्यानंतरचं तुझं तू सांग. तुझ्याऐवजी मी बोलणार नाही."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण रविवारी पावणेदहालाच गल्लीच्या तोंडाशी उभा होता. सिस्टर चर्चमधून आल्या आणि त्याला घेऊन ओट्यावर आल्या. जयवंतच्या कपाळावर आठी चढली. धोंडू बसला नाही. उभ्यानंच कागद जयवंतच्या हातात दिला आणि म्हणाला, "मी खोटं बोललो. मी मसालची होतो. तुमच्या पलटणीचं नाव घेतलं, माफी करा."

जयवंतनं कागद वाचला. दोनदा वाचला. मग खंडूकडे दिला.

"रायफल माका कधी दिलीच नाय," धोंडू म्हणाला. "माझ्याकडे पातेलं होतं. खाली उतरायचा हुकूम आला तेव्हा सगळे वाट मिळेल तसे निघाले. मी पातेलं टाकलं नाय, सरकारी होतं. पुढे एका वळणावर एक जवान बसलेला. मांडीत गोळी. त्याचं नाव माका ठाऊक नाय, लंगरात यायचा तेव्हा करपलेली रोटी मागून घ्यायचा, एवढीच ओळख. म्हणाला, तू जा. मी पातेलं तिथं ठेवलं आणि त्याला घेतलं पाठीवर. पातेल्याची दोरी होती, तिनं बांधला."

"किती दिवस?" खंडूनं विचारलं.

"तीन. बूट असेच, कापडाचे. दुसऱ्या दिवशी पाय दुखायचे थांबले, तेव्हा वाटलं, बरं झालं. खाली गाड्या होत्या, तिथं डॉक्टरनं त्याला काढून घेतला पाठीवरून. मला दुसऱ्या गाडीत घातलं."

"वाचला का तो?"

"माका ठाऊक नाय," धोंडू म्हणाला. "खूप जणांना विचारलं. नावच ठाऊक नाय तर सांगणार कोण?"

खंडूनं कागदाची घडी करून तो धोंडूच्या हातात परत दिला. मग जयवंत उठला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. पण त्यानं फक्त आपली जागा, भिंतीला टेकून बसायची होती ती, धोंडूला दिली आणि स्वतः कडेला बसला. "बस," म्हणाला. "पायांवर उभा कशाला राहतोस?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "खोटं बोलायची तुला गरज नव्हती रे. ह्याच्यापुढे लान्सनायक काय घेऊन बसलास."

धोंडूला जयवंतच्या कारखान्यात गेटवर ठेवलं. अर्जावर त्यानं स्वतःच्या हातानं मसालची लिहिलं. व्याह्यांचं प्रकरण इतकं सोपं गेलं नाही. धोंडूनं जाऊन खरं सांगितलं, तेव्हा व्याही भडकले आणि चार-पाच महिने दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मुलगीही बापावर रुसली. जयवंत म्हणाला, मी जाऊन समजावतो. सिस्टरांनी त्याला जाऊ दिलं नाही. "ते धोंडूचं आहे. त्यालाच निस्तरू दे." नातवाच्या बारशाला व्याह्यांनी स्वतः येऊन बोलावणं केलं. समेट कसा झाला हे धोंडूनं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

पण सिस्टरांनी एक गोष्ट मागे लागून केली. बूट बनवणारा एक ओळखीचा माणूस गाठून त्यांनी धोंडूच्या पायांची मापं दिली, दोनदा परत पाठवून तिसऱ्यांदा मनासारखे बूट करून घेतले. ते घालून धोंडूला त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत असं चारदा चालायला लावलं. आम्ही ओट्यावरून बघत होतो. चौथ्या फेरीला त्या म्हणाल्या, "आता टाच आपटत नाही. ठीक."

एकदा मी त्यांना विचारलं, "तो खोटं बोलतोय हे तर तुम्हालाही कळलं होतं. मग मागे का गेलात त्याच्या?"

त्या भांडी धूत होत्या. म्हणाल्या, "पाय खरे होते ना त्याचे. उरलेलं त्यानं का लपवलं, ते बघायला नको?"

१९८९ मध्ये सिस्टर गावठाणातलं घर भाच्याला देऊन मनोरीला भावाकडे, ऑगस्टीनकडे राहायला गेल्या. गुडघे दुखायला लागले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हाला मागून कळलं. दोन आठवड्यांनी आम्ही आठ जण न कळवता मार्व्याहून होडीनं पलीकडे गेलो. धोंडू सगळ्यांच्या पुढे. दारात आम्हाला बघून त्या आधी रागावल्या, कळवता येत नव्हतं का म्हणून. मग ऑगस्टीनला मासळी आणायला पिटाळलं, आम्हाला अंगणातल्या माडाखाली बसवलं आणि जयवंतला म्हणाल्या, "बोल, नवीन कोण आलं होतं ह्या दोन आठवड्यांत?"