अमावस्येला खाडी भरलेली असते

...काकूंनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, खुणेच्या पानावर उघडलं आणि त्यावर तळहात ठेवला. "बाय, ह्ये खोटं हाय," त्या म्हणाल्या.

परवा, रविवारची दुपार. टेमघरच्या आमच्या छोट्या वाचनालयात रविवारी मी बसते. समोर हिराकाकू, सत्तरीच्या. दोन पावलं मागे त्यांचे यजमान बाळारामकाका, हसू दाबत उभे. दोघं काल्हेरहून रिक्षाने आलेले.

कार्ड काकांच्या नावाचं. काकूंना सहीपुरतं अक्षर येतं. दुपारचं जेवण झालं की काका मोठ्याने वाचतात आणि काकू सुकट निवडत ऐकतात... असं निम्मं कपाट दोघांनी संपवलंय.

या खेपेची कादंबरी समुद्रावरच्या हेरगिरीची. जुनी, दोनदा शिवून घेतलेली.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असतो. परत करताना वाचकाने एक ओळ अभिप्राय लिहायचा. या कादंबरीचा कागद जवळजवळ भरलाय. 'एका बैठकीत संपवली.' 'जहाजावरची मारामारी झकास.' 'नायिका उगाच.' 'दोनदा वाचली, दोन्ही वेळा चहा गार झाला.' मधोमध माझीही ओळ आहे, एम.ए.च्या वर्षातली... 'फितूर तांडेलाचं चित्रण विशेष प्रभावी.'

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. कादंबरीतला गुप्तहेर अमावस्येच्या मध्यरात्री, चोरलेला नकाशा घेऊन, तांडेलाच्या होडीतून खाडीबाहेरच्या जहाजाकडे निघतो. ओहोटी लागलेली असते. होडी चिखलात रुतते, मागून शत्रू येतो.

तांडेलाने मुद्दाम ही वेळ साधली, तो विकला गेलाय, असं नायक ठरवतो. त्याला तिथेच सोडून पोहत जहाज गाठतो. पुढे तांडेलाचं काय झालं, ते पुस्तकात नाही... हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"आवसेच्या राती बारा वाजता खाडी काठोकाठ भरलेली असते," काकू म्हणाल्या. "आवस असू दे न्हायतर पुनव. दुपारी बारा, राती बारा, भरती. ओहोटी सकाळ-सांजची. मंग होडी रुतली कशी?"

"चार दिवस ह्येच चाललंय, मॅडम," काका म्हणाले. "पुढचं वाचूच देत न्हाय. अगं, गोष्ट हाय ती."

"तुमी गप ऱ्हावा. तुमी पडघ्याचे. तुमच्याकडं पानी म्हंजे विहिरीचं."

काका खरंच पडघ्याकडचे. गोदामातल्या ड्युटीमुळे काल्हेरचे झाले.

मी म्हटलं, कथेसाठी लेखकाला ओहोटी हवी असेल. काकूंनी पानावर बोट ठेवलं.

"त्याची सोय झाली. आळ कुनावर गेला?"



मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील रेतीच्या होडीवर तांडेल होते. एकदा होडी खाडीत रुतली. खाडीचा तळ सरकतो, आणि काठावर उभं राहणाऱ्याला ते दिसत नाही. लोक म्हणाले, तांडेल पिऊन झोपला होता. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

त्यानंतर ते पुन्हा होडीवर चढले नाहीत. वीटभट्टीवर जाऊ लागले. तेव्हा काकू अकरा वर्षांच्या होत्या.

मी काकांकडे पाहिलं. ते आता हसत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"माझं बी लिव त्या कागदावर," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचं हाय तिथं. तांडेलाच्या बाजूनं कुनीच न्हाय."

खाली दोन बोटं जागा होती. मी लिहिलं : 'अमावस्येला मध्यरात्री खाडी भरलेली असते. होडी रुतणार नाही. तांडेल फितूर नव्हता. ही लेखकाची चूक आहे.' आणि वाचून दाखवलं.

"शेवटचं खोड."

"का? चूक त्यांचीच आहे की."

"त्यानं खाडी बघितली नसल. न बघनं ह्यो काय गुन्हा हाय? आन तो हितं हाय का, आपली बाजू सांगायला?"

मी शेवटचं वाक्य खोडलं. काकूंनी पेन घेतलं आणि सही केली, एकेक अक्षर थांबत... हिरा बाळाराम. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना काकांचा आवाज ऐकू येत होता. "तुझा बा कुठल्या बंदरावर असायचा गं?" काकू हाताने दिशा दाखवत होत्या. एक रिकामी रिक्षा थांबली, निघूनही गेली. त्यांचं लक्ष नव्हतं.

मी माझी जुनी ओळ पुन्हा वाचली. खोडावीशी वाटली... नाही खोडली. जे लिहिलं ते लिहिलं.

पात्र कसं रंगवलंय, एवढंच मी इतकी वर्षं बघत आले. त्या माणसाला एखादं वाक्य बोलू दिलंय का, हे बघायचं राहून गेलं होतं. काकू, तुमचे आभार.

काल सकाळी काकांचा फोन आला. काकूंना सही अपुरी वाटत होती. मी वाचनालय उघडलं आणि त्यांनी सांगितलं तसं सहीखाली लिहिलं : चांगो तांडेलाची मुलगी.